गुडघाभर

नकाशात तू माझ्या नखाएवढा आहेस, ओस्ताप.
निळ्या शाईचा एक थेंब,
त्याखाली मुंगीच्या अक्षरांत आपलं आडनाव,
त्यातलं एक अक्षर गाळलेलं.
भरतीच्या कारकुनाने घाईत गाळलं ते
तू मेल्यावरही परत आलं नाही.

सरकारचं पत्र आलं तेव्हा आई बीट सोलत होती.
लाल बोटांनी पाकीट धरून म्हणाली,
आता काय हवंय त्यांना?
मी वाचून दाखवलं :
उत्तरेला, जिथे रस्ते संपतात त्याच्याही पुढे,
एका तळ्याला तुझं नाव दिलंय.
तळं? आई म्हणाली. त्याला?
आणि हसली. तार आल्यापासून पहिल्यांदाच.
मग ते थांबेचना,
आणि थोड्या वेळाने ते हसणं राहिलं नाही.

कारण तुझं पाणी म्हणजे विहिरीचं, बादलीतलं,
फार तर शनिवारच्या टपातलं.
वसिलकाकाचा घोडा दलदलीत बुडाला
त्या दिवसापासून तू डबक्यातसुद्धा
गुडघ्याच्या पुढे गेला नाहीस.
आम्ही पोरी बेडकांसारख्या पसरायचो पाण्यावर,
तू काठाशी, विजार दुमडून.
इथपर्यंत माझं, म्हणायचास,
इथून पुढे राजाची हद्द.

हॉलंडात बांध फोडले होते,
शेतं पाण्याखाली होती,
असं तुझ्या सोबत्याने कळवलं.
ऑक्टोबर. रात्र. एक कालवा ओलांडायचा होता.
पाणी किती खोल, ते त्याने लिहिलं नाही.
मी विचारलं नाही.
पन्नास वर्षं झाली, विचारलेलं नाही.

यंदा जुनं मळणीयंत्र विकलं
आणि पायांत होड्या घातलेल्या विमानात बसले.
चालवणारा इझाया, क्री माणूस, मितभाषी,
मांडीवर सँडविच ठेवून उडवत होता.
खाली तळीच तळी,
एका युद्धाला पुरून उरतील इतकी.
हे तुमचं, तो म्हणाला, आणि इंजिन बंद केलं.

ना चौथरा, ना पितळी पाटी.
काळपट झाडं, डास,
आणि आपल्याच घरात कुणी आलंय
तरी मान न वळवणारं पाणी.

थर्मासमधला चहा ओतता ओतता
तो जरा अवघडून म्हणाला,
आमच्यात याला दुसरं नाव आहे. जुनं.
त्याने ते उच्चारलं. माझ्या जिभेला पेललं नाही.
अर्थ विचारला तर म्हणाला,
हंस पिसं टाकतात ती जागा.
तेव्हा त्यांना उडता येत नाही ना,
नवी येईस्तोवर इथेच राहतात.

माझा भाऊ मग बिनभाड्याचा बिऱ्हाडकरू झाला, मी म्हटलं.
राहू दे की. जागा आहे.
माझा मामाही गेला होता त्याच लढाईत. इटलीत राहिला.
त्याचं तळं कुठलं?
इझायाने टोपी काढली, परत घातली.
अर्ज केलाय, म्हणाला.

मी बूट काढले, मोजे त्यांत कोंबले.
त्याने हात पुढे केला, तो मी आधी नाकारला,
मग घेतला.
पाणी असं, की हाडंच बोलायला लागली.
घोटा. पोटरी. गुडघा.
झग्याचा घोळ मुठीत धरून उभी राहिले
आणि तुझं गाळलेलं अक्षर मोठ्याने म्हटलं,
आधी एकटंच,
मग आडनावात त्याच्या जागी बसवून.
पलीकडून कसलासा पक्षी उडाला. हंस नव्हता.

इथपर्यंत, ओस्ताप.
इथून पुढे त्यांची हद्द.

मागून इझाया म्हणाला, वारा फिरतोय, निघायला हवं.
हो म्हटलं,
आणि तशीच उभी राहिले अजून थोडी.